चार नावांची यादी

काकड्यांच्या पेट्यांवर पत्ते चिकटवायचं काम हिलेवीला बरं वाटायचं. दिवसाला सहाशे पत्ते, आणि त्यांतला एकही तिचा नाही. नोरहाम्न गावाबाहेरच्या त्या काचघरात अडीच वर्षांत तिला कुणी फारसं काही विचारलं नव्हतं. नाव, बुटाचं माप आणि कंबर दुखत नाही ना, एवढंच.

मार्चमधल्या एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कॉफीची किटली उचलली. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर गोल डाग पडला होता, आणि त्या डागाच्या बरोबर आत एक जाहिरात होती. दृष्टिशिक्षक पाहिजे. जागा कायम. दृष्टी केंद्र, नोरहाम्न.

ज्यांची नजर आयुष्याच्या मधेच जाते, अशा मोठ्या माणसांना दृष्टिशिक्षक पुन्हा जगायला शिकवतात. पांढरी काठी कशी धरायची, उकळती कॉफी कपाबाहेर न सांडता कशी ओतायची, ठिपक्यांची लिपी बोटांनी कशी वाचायची. हिलेवीने हे काम आठ वर्षं केलं होतं, आणि ते सुटल्यापासून तिचे हात जणू दुसऱ्याच्या घरी राहायला गेल्यासारखे झाले होते. अख्ख्या देशात अशा जागा वर्षाला पाच-सहा निघतात. ही निघाली होती तिच्या घरापासून सायकलने बारा मिनिटांवर.

तिने किटली पुन्हा त्या डागावर ठेवली. कारण या पाच-सहा जागा टोर्केललाही माहीत होत्या.

टोर्केल तिचा नवरा होता. आता नव्हता, पण हे त्याला मान्य नव्हतं. तो आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हे. तो पत्रं लिहायचा, फार सभ्य पत्रं. या देशात सरकारी कचेरीत आलेला प्रत्येक कागद लोकांचा असतो. अमक्या जागेसाठी कुणी कुणी अर्ज केले ते सांगा, असं कुणीही म्हणावं आणि कचेरीने यादी काढून द्यावी. मागणारा कोण, त्याला ती कशाला हवी, हे विचारायची कचेरीला कायद्यानेच बंदी. लोकांना याचा अभिमान आहे, शाळेत मुलांना शिकवतात. हिलेवीने स्वतः आठवीत यावर निबंध लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

तीन वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात राहत असताना तिने तिथल्या अशाच जागेसाठी अर्ज टाकला. जागा मिळाली नाही. पण यादीत नाव गेलं, आणि नवव्या दिवशी बालवाडीच्या कुंपणाबाहेर टोर्केल उभा होता, हातात वेलदोड्याच्या गोड पावांची पिशवी घेऊन. "सापडलात एकदाच्या," एवढंच म्हणाला, आणि दोन वर्षांच्या मायकेनकडे बघून हसला. दुसऱ्या पहाटे पोलिसांच्या गाडीत दोन दुलया, एक बॅग आणि झोपलेली मायकेन घालून हिलेवीने ते गाव सोडलं. तेव्हापासून तिचा पत्ता सरकारी दफ्तरात कुलपाआड होता. टपाल दुसऱ्याच शहरातल्या एका पेटीत जायचं आणि तिथून फिरून यायचं. आणि तेव्हापासून तिने कुठेही अर्ज केला नव्हता.

घरी आल्यावर तिने वाटाण्याचं सूप आणि नंतर धिरडी केली, तिथे गुरुवारी घरोघरी हेच करतात म्हणून. मायकेन आता पाच वर्षांची झाली होती. धिरड्यावर मुरंबा पसरता पसरता ती रोजचा खेळ खेळायला लागली.

"आई, मला विचार ना."

"तुझं नाव काय गं?"

"मायकेन."

"मायकेन काय? आडनाव?"

"आईला विचारा!" मायकेनने ऐटीत मान उडवली. "आता राहते कुठे विचार."

"कुठे राहतेस?"

"घरात!"

दोघी हसल्या. या उत्तराचा शोध मायकेनने स्वतः लावला होता आणि त्याचा तिला कोण अभिमान. पाच वर्षांच्या पोरीला पत्ता पाठ करायला शिकवतात. हिलेवीने तिला तो लपवायला शिकवला होता.

"आई, तू आज गप्प का आहेस? पुन्हा दुलया गाडीत घालायच्यात का?"

"नाही," हिलेवी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "कुठेही जायचं नाहीये. खा तू."

त्याच वेळी तिचं ठरलं. माणूस पळतो, लपतो, ते जगायसाठी. पण लपता लपता आपण काय येत होतं तेच विसरून गेलो, तर टोर्केलला कुंपणाशी येऊन उभं राहायचीही गरज नाही. अर्ज करायचा. पण स्वतःची एकही खूण मागे न ठेवता.

दुसऱ्या दिवशी तिने नंबर न दिसणाऱ्या फोनवरून जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावला.

"सोल्वेग बोलतेय, दृष्टी केंद्र."

"जाहिरात वाचली. दृष्टिशिक्षकाची."

"अगं वा! आम्ही तर आशाच सोडली होती. पोर्टलवर टाक अर्ज, पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे. बँकेच्या डिजिटल ओळखपत्राने आत शिरायचं, जन्मक्रमांक टाकायचा, पाच मिनिटांचं काम."

"पोर्टलवर नाही टाकणार मी."

"मग टपालाने पाठव."

"टपालानेही नाही. आधी भेटायचंय. कागद हातात न देता."

पलीकडे खुर्ची करकरली. "तू काय हेरखात्यातून बोलतेस की काय? आमच्याकडे चोरण्यासारखं एक कॉफीचं यंत्र आहे, तेही बिघडलंय."

"माझा पत्ता सरकारने झाकून ठेवलेला आहे," हिलेवी म्हणाली. हे वाक्य तिने आंघोळ करताना, सायकल चालवताना घोकलं होतं. "मला शोधणारा माणूस अर्जदारांच्या याद्या मागवतो. अशाच जागांच्या. पोर्टलवर एकदा माझं नाव पडलं की ते कागदावर आलं."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काम येतं?" सोल्वेगने विचारलं.

"आठ वर्षं केलंय."

"बुधवारी दोनला ये. आणि मागच्या दाराने ये बरं का. पुढच्या दाराशी पाहुण्यांना वहीत नाव लिहायला लावतात, आणि ती वहीसुद्धा कागदच की."

फोन ठेवल्यावर हिलेवीच्या लक्षात आलं की आपण नाव सांगितलेलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

बुधवारी अंगणातला बर्फ चिखल झाला होता. मागच्या दाराशी सोल्वेग स्वतः उभी होती. पन्नाशीची, उंच, चष्मा केसांत खोवलेला. खोलीत गेल्यावर हिलेवीने पाठपिशवीतून प्रमाणपत्रांची फाइल काढली, टेबलावर उघडली आणि तिच्यावर एक हात ठेवून बसली. सोल्वेगने सगळं वाचलं. पान उलटायचं झालं की हिलेवी उलटायची.

"कागद तर चांगले आहेत. जुन्या साहेबीणबाईंचा नंबर दे, दोन शब्द विचारून घेते."

"तुझा फोन तिथे गेला, की तो कुठल्या गावाहून आला ते तिथल्या माणसांना कळणार. त्यांतल्या एकाशी मला शोधणारा अजून बोलतो."

"मग तुला काम येतं हे मी मानायचं कशावरून? तुझ्या डोळ्यांकडे बघून?"

"परीक्षा घे."

सोल्वेग हसली. तिने कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, मधेच उघडलं आणि त्यावर टॉवेल टाकला. "वाच."

हिलेवीने डावा हात टॉवेलाखाली सरकवला. पहिली ओळ चाचपडत गेली, तीन वर्षांचा गंज होता. दुसरी सरळ. "बटाटे सोलून पातळ काप करावेत. काप... काप एकसारखे असावेत, नाहीतर काही कच्चे राहतात. मग अँकोव्ही माशांचा डबा उघडावा." ती थांबली. "हे कुणाला वाचायला देता? भूक लागते."

"डावखुरी आहेस?"

"नाही. उजव्या तर्जनीला आता ठिपके कळत नाहीत. स्वयंपाकघरातला खण तिच्यावर बंद केला होता."

कुणी, हे सोल्वेगने विचारलं नाही. तिने चष्मा केसांतून काढून पुसला आणि उगाचच पुन्हा केसांत खोवला. मग दार उघडून तिने हाक मारली, "यॉटे! इकडे ये जरा. तू आंधळा आहेस."

"कधीपासून?" बाहेरून आवाज आला.

"आत्तापासून."

यॉटे म्हणजे केंद्राची आवक-जावक सांभाळणारा कारकून. साठी ओलांडलेला, विणलेलं जाकीट, आणि खिशात पेन, पट्टी, चिकटपट्टी असा सगळा संसार. त्याला खुर्चीवर बसवून सोल्वेगने त्याच्या डोळ्यांवर त्याचाच मफलर बांधला. "ही तुला वाचायला शिकवणार आहे."

"मला येतं वाचता. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाचतोय."

"तर्जनी दे," हिलेवी म्हणाली. तिने त्याचा हात हातात धरला नाही, स्वतःचा तळवा त्याच्या तळव्याखाली ठेवला. "दाबू नकोस. घासूही नकोस. नुसतं वाहू दे डावीकडून उजवीकडे."

"रवा सांडल्यासारखं लागतंय."

"रव्यात एक उभी रेघ शोध. तीन ठिपके, एकाखाली एक."

यॉटे कुरकुरत, पुटपुटत राहिला. दाबलंस, हलकं कर, हलकं. हिलेवीचा आवाज तिच्या नकळत जुन्या जागी जाऊन बसला होता. त्यात घाई नव्हती आणि कीवही नव्हती. दहाव्या मिनिटाला यॉटेने श्वास रोखला. "हा आत्ता गेला तोच पुन्हा आला! हाच, हाच. काय आहे हे?"

"एल. बोट तिथेच ठेव."

"च्यायला," मफलराखालून यॉटे म्हणाला.

सोल्वेग खिडकीकडे तोंड करून उभी होती. "आठ महिन्यांची प्रतीक्षायादी आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "आठ महिने माणसं घरात काळोखात बसून असतात. मला ही हवी, यॉटे. काय करायचं ते सांग."

यॉटेने मफलर सोडला, केस सारखे केले आणि खिशातून शिक्का काढला. "करायचं काय त्यात? फाइल दे. आवक शिक्का मारतो, आजची तारीख, झालं."

हिलेवीने फाइलवर दोन्ही हात ठेवले. "शिक्का नको."

"अगं, शिक्का मारल्याशिवाय कागद आलाच नाही असं होतं."

"म्हणूनच."

आता यॉटेचा चेहरा बदलला. "हे बघ, एकतीस वर्षांत या घरात आलेला एक कागद मी बिनशिक्क्याचा ठेवलेला नाही. मंत्र्याचा नाही आणि माझ्या सख्ख्या भावाचाही नाही. आज एक झाकला की उद्या साहेब लोक आपल्या भाच्यांचे झाकतात. ही उघडी दारं आहेत म्हणून या देशात..."

"मला माहीत आहे. मी निबंध लिहिलाय."

"मग? तुझ्यासारख्यांची सोय कायद्यात आहे. तुझं नाव मी काळ्या शाईने पुसेन, मग यादी देईन. जाड रेघ मारीन, सूर्यासमोर धरली तरी वाचता यायची नाही."

"किती अर्ज आलेत आत्तापर्यंत?"

"चार. त्यांतला एक तर चुकून आलाय, त्याला दवाखान्यात गाडी चालवायचीय."

"म्हणजे चार नावं आणि एक काळी रेघ," हिलेवी म्हणाली. "यॉटे, तू ती यादी मागणाऱ्याच्या जागी बसून बघ. वर्षाला पाच-सहा जागा निघतात. प्रत्येकीची यादी येते, सगळी नावं स्वच्छ. आणि एका गावाहून यादी येते तिच्यात काळी रेघ. त्याला नाव वाचायची काय गरज? दृष्टिशिक्षिका आहे आणि लपलेली आहे, अशा या देशात किती बायका असतील?"

शिक्का यॉटेच्या हातात तसाच राहिला. त्याची नजर सोल्वेगकडे गेली आणि तिथून पायांकडे.

माणसांच्या आवाजातले आणि गप्प बसण्यातले बारकावे ऐकणं हा हिलेवीचा धंदाच होता. "काय झालं?" तिने विचारलं. "यादी कुणीतरी मागितलीच आहे. हो ना?"

"मला असं सांगता..."

"थांब." ती उठून उभी राहिली. "या जागेसंबंधी तुमच्याकडे आलेला प्रत्येक कागद मला बघायचाय. आत्ता. मी कोण, कशाला बघते, हे विचारायची तुला परवानगी नाही."

यॉटेच्या मिशीखाली काहीतरी हललं. "नाही," तो म्हणाला. "नाही बरं मला परवानगी." आणि तो गेला.

परत आला तो एक छापील पान घेऊन. सोमवारी आलेला ईमेल. नाव नाही. पत्ता नुसत्या आकड्यांचा. मुदत संपल्यावर दृष्टिशिक्षकाच्या जागेच्या अर्जदारांची यादी आणि नंतर निवडलेल्या व्यक्तीचं नाव कृपया कळवावं. आपल्या चांगल्या कामाबद्दल आगाऊ आभार. सवडीने पाठवलंत तरी चालेल, मला घाई नाही.

हिलेवी शेवटची ओळ बघत बसली. मला घाई नाही. हे तो दाराच्या पलीकडून म्हणायचा, ती न्हाणीघरात कडी लावून बसलेली असताना.

"तोच?" सोल्वेगने हळू विचारलं.

"तोच. पण त्याला माहीत नाही मी इथे आहे. तो सगळीकडे लिहितो. जाळं टाकून बसतो." तिने पान टेबलावर ठेवलं आणि तळव्याने सपाट केलं. जावं, असं एकदा मनात येऊन गेलं. फाइल पिशवीत घालावी, मागच्या दाराने निघावं, पत्ते चिकटवावेत. पण आत्ताच तिच्या तळव्यावर एका माणसाला एल सापडला होता. ती बसली. "बोला. कागद न करता कसं जमेल?"

तिघांनी डोकी जवळ घेतली. पहिला तोडगा यॉटेनेच काढला, आणि त्याच्या डोळ्यांत अशी चमक आली की एकतीस वर्षांत त्याने कायदा पहिल्यांदाच उलट बाजूने वाचला असावा. "कायदा कागदाला लागू आहे. तोंडी बोललेला शब्द हा कागद नव्हे. तू तोंडी अर्ज कर. तुझे कागद तुझ्याकडे, आम्ही फक्त बघितले."

"झालं तर मग!" सोल्वेगने टेबलावर थाप मारली.

"थांब गं. झालं नाही." यॉटेने कपाळ चोळलं. "तिला निवडायचं तर का निवडलं हे लिहून ठेवावं लागेल. तोंडी कळलेलं असलं तरी, निर्णय त्यावर ठरला तर नोंद करावीच लागते. आणि निवडीच्या कागदावर नाव. ते झाकलं की..."

"पुन्हा काळी रेघ," सोल्वेग म्हणाली.

बाहेर कुणाची तरी काठी भिंतीला टकटक करत गेली. हिलेवीने तो आवाज पार टोकापर्यंत ऐकला. काठी फार जवळ धरतोय, तिच्या मनात आलं. असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात पडेल.

"ही जागा मला नको," ती म्हणाली.

"काय?"

"जाहिरातीतली जागा त्या चौघांतल्या कुणाला तरी दे. कुणी बरा आहे का त्यांत?"

"एक पोरगा आहे," सोल्वेग नाराजीने म्हणाली. "लुडविग. नुकताच शिकून बाहेर पडलाय. काठीचा भाग येतो म्हणे, लिपीत कच्चा."

"त्याला घे. मग यादीत चार नावं, चारही खरी. निवड झाली, तीही खरी. त्या पत्र लिहिणाऱ्याला सगळं मिळेल, एक अक्षर झाकलेलं नाही. मला तासावर घे. बदली माणूस म्हणून."

"तासावरच्या माणसांची जाहिरात नसते," यॉटे सावकाश म्हणाला. "निवडही जाहीर होत नाही. करारपत्र असतं, पण ते गोपनीय शेऱ्याखाली माझ्या कुलपात. ते आहे हेच माहीत नसेल तर मागणार कोण?"

"तासावरची?" सोल्वेग उसळली. "आठ वर्षांच्या अनुभवाची बाई तासावर, आणि तो कोवळा पोरगा कायम? आजारी पडलीस तर किती त्रास होईल ठाऊक आहे तुला? कर्ज मिळायचं नाही, धड घर मिळायचं नाही. हा अन्याय आहे."

"आहेच," हिलेवी म्हणाली. "पण तासावरचं काम बारा महिने भरलं की कायदाच माणसाला कायम करतो. त्याला जाहिरात लागत नाही, अर्ज लागत नाही आणि यादी बनत नाही. होय ना यॉटे?"

यॉटेने शिक्का खिशात घातला. "तू आमच्या खात्यात यायला हवी होतीस."

"प्रत्येक महिन्याला पुरेसे तास द्यायचे," हिलेवी सोल्वेगकडे वळली. "आणि माझ्या आणखी अटी आहेत. संकेतस्थळावर फोटो नाही. दारावर पाटी नाही. शिकायला येणाऱ्यांना माझं पहिलं नाव पुरे. आणि पुढच्या बाजूला खिडकी असलेली खोली नको."

"अटी नोकरी देणारा घालतो, बाई."

"मग घाल."

सोल्वेगने हात पुढे केला. "माझी एकच. सोमवारपासून ये."

सोमवारी हिलेवी करारावर सही करायला आली तेव्हा यॉटे तिच्यासाठी थांबला होता. मुदत शुक्रवारी संपली होती. पडद्यावर पत्र तयार होतं. त्याने ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ज आलेले चार, ही चार नावं, निवडीचा निर्णय झाल्यावर कळवण्यात येईल. "यात खोटं काही नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "काही लपवलेलंही नाही. मी रात्रभर तपासलं."

"पाठव."

त्याने बटण दाबलं. दोघं पडद्याकडे बघत उभी राहिली. अकरा मिनिटांनी उत्तर आलं. त्वरित सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. बस, एवढंच. कारण यादीत त्याच्या कामाचं काही नव्हतं.

हिलेवी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. यॉटेने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माणसाला काय म्हणावं ते न सुचल्याने जाकिटाच्या खिशातून एक गोळी काढून दिली, खारट, काळी, जीभ भाजणारी. "माझ्या बायकोला चालत नाहीत," तो म्हणाला. हिलेवीने ती तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याला एक कारण मिळालं.

तरीही पहिले काही आठवडे ती बालवाडीच्या कुंपणापाशी येण्याआधी सायकल थांबवून कोपऱ्यावरून बघायची. एप्रिल गेला. कुंपणाबाहेर फक्त एक मांजर असायची. मे महिन्यात तिने कोपऱ्यावर थांबणं सोडलं. बघणं मात्र सोडलं नाही.

लुडविग मे महिन्यातच रुजू झाला. सव्वीस वर्षांचा, लांबच लांब हातांचा, प्रत्येक दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा. सोल्वेगने त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, लिपी हिलेवीकडून शिक, तू पगार जास्त घेतोस म्हणून लाजू नकोस, पण शिक. आणि तो शिकलाही, मन लावून. टॉवेलाखाली हात घालून तो बटाट्याच्या पाककृती वाचायचा आणि उपाशी पोटी घरी जायचा.

एका दुपारी दोघं मागच्या खोलीत कॉफी पीत होती. लुडविग बराच वेळ कप फिरवत होता.

"एक विचारू? राग मानू नकोस."

"विचार. उत्तर देईनच असं नाही."

"मला ही जागा कशी मिळाली तेच कळत नाही. मी यादी मागवली होती, आणखी कुणी कुणी अर्ज केलाय बघायला. सगळेच मागवतात. चारच नावं होती. त्यात तू नव्हतीस."

हिलेवीने कप खाली ठेवला. पंचवीस वर्षांपूर्वीचा आठवीचा वर्ग तिला आठवला आणि त्याचबरोबर वाटलं, हा पोरगा यादी वाचून इथे बसलाय, माझ्यापासून एक हाताच्या अंतरावर, आणि त्याला काही दिसलेलं नाही.

"तू अर्ज का नाही केलास?" लुडविग म्हणाला. "तू केला असतास तर मी आज कुठे असतो? तू माझ्यापेक्षा दसपट चांगली आहेस. हे सगळ्यांना दिसतं."

"मुलगी लहान आहे," ती म्हणाली. तेही खरंच होतं. "मला तासावरचं बरं पडतं."

"पण हे बरोबर नाही. मी सोल्वेगशी बोलू का? लेखी देतो हवं तर. माझ्या नावाने, तुझ्या बाजूने, एक पत्र..."

"लेखी काही देऊ नकोस," हिलेवी म्हणाली, इतक्या चटकन की तो दचकला. मग तिने आवाज खाली आणला. "कुठेच काही लेखी देऊ नकोस माझ्याबद्दल, लुडविग. वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा नाही. मनापासून सांगते. कारण विचारू नकोस."

लुडविगने फिरता कप थांबवला. तरुण होता, पण ऐकायच्या धंद्यात पडलेला माणूस होता. "बरं," तो म्हणाला. "नाही विचारत."

"आणि दसपट चांगली असेन, तर तू ती दसपट लवकर भरून काढ. पुढच्या मार्चपर्यंत मला माझे तास इथे पुरे करायचेत आणि बाहेर अकरा माणसं ताटकळलीत."

तिने कप धुऊन पालथा ठेवला, मागचं दार उघडलं आणि अंगणातल्या बाकावर उन्हात बसलेल्या पहिल्या माणसाला नावाने, मोठ्याने हाक मारली.